रोजनिशी : रेडिओ घेण्याआधीची खरखर

शनिवार

दिवाळी तोंडावर आली की मडगावच्या दुकानांत कपाटांची फेररचना होते आणि मागे गेलेले रेडिओ पुन्हा काचेजवळ येतात. आज तेवढ्यासाठीच गेलो होतो. "शॉर्टवेव्ह आहे का?" म्हटलं की दुकानदार आधी माझ्या पिकल्या केसांकडे बघतो, मग खालच्या खणातून एक सेट काढतो. त्याला टॉर्च, यूएसबी, ब्लूटूथ, पाठीवर सोलरची पट्टी आणि पुढे ठळक अक्षरांत 'आठ बँड'.

"यात एकतीस मीटर कुठे?"

त्याने डायलवरची अंगठ्याच्या नखाएवढी जागा दाखवली. त्या नखात एकतीस मीटरचा अख्खा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा: 9400 ते 9900 किलोहर्ट्झ. स्टेशनं पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने बसतात, म्हणजे शंभर जागा. काटा मात्र असा जाड की एका वेळी पाच-सहा जागा सहज झाकेल. दुकानातच बटण जरा हलवलं तर चिनी बाईंच्या बोलण्यावर अरबी गाणं चढलं, आणि दोघांच्या मागे तिसराच कोणी प्रवचन देत होता. "बघा, किती खेचतो!" दुकानदार खूश. खेचतो खरा. जे येईल ते सगळं आत घेतो आणि कोणालाच बाजूला करत नाही, तिथेच घोडं अडतं.

न घेता परत आलो. घरी विचारणा झाली, "मोबाईलवर सगळं लागतं ना?" लागतं. पण मला बातम्यांची भूक नाही, त्या इतक्या लांबून कशा येतात याचं वेड आहे. हे बायकोला सांगून पटत नाही, म्हणून पावसाळ्यात नेट जातं असं कारण पुढे केलं. तेही खोटं नाही.

रविवार

पैसे घालण्याआधी एक हिशेब मांडायला हवा: ऐकायला उरलंय काय?

गेलेल्यांची यादी मोठी आहे. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा 2012 मध्ये शॉर्टवेव्हवरून गेले, रेडिओ ऑस्ट्रेलिया 31 जानेवारी 2017 ला. पोर्तुगालची आंतरराष्ट्रीय सेवा शॉर्टवेव्हवर त्याआधीच, 2011 साली थांबली. आमच्या वाड्यावरचे एक वृद्ध बाब तिच्यासाठी संध्याकाळी खुर्ची ओढून बसत, त्यांना ते फार लागलं होतं. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सभा 31 जानेवारी 2020 ला संपली. व्हॉइस ऑफ अमेरिकेचा आवाज 2025 च्या मार्चमध्ये जवळजवळ बसलाच.

तरी मैदान रिकामं नाही. बीबीसीची इंग्रजी सेवा आपल्या बाजूला काही तास येते. चीन तर कुठेही सुई ठेवा, आहेच. जपान, कोरिया, रोमानिया, तुर्कस्तान, व्हिएतनाम, व्हॅटिकन, कुवेत. पलीकडे न्यूझीलंड, पण त्याला नशीब लागतं. सूर्यडागांचं अकरा वर्षांचं चक्र 2024 च्या सुमाराला शिखरावर होतं, त्यामुळे वरचे बँड, म्हणजे 16 आणि 13 मीटर (मीटरचा आकडा लहान तितकी फ्रिक्वेन्सी वरची), अजून दिवसा जिवंत आहेत. घ्यायचा तर आत्ताच, असं मनाशी ठरवलं. ठरवलेल्या गोष्टीला कारणं मिळतातच.

मंगळवार

शिरोड्याला मामाकडे गेलो. मामा उभा जन्म बोटीवर. आमच्याकडचे तारवटी लोक परत येताना काय काय आणायचे, ब्लँकेटं, परफ्यूम, टेप. मामाने सिंगापूरहून सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू 7600 जीआर आणला होता. जाडजूड पुस्तकाएवढा काळा सेट. सोनीने तो बनवणं थांबवलं त्याला बरीच वर्षं झाली. मामाचा मात्र चालतो. झाकण उघडलं तर सेलच्या स्प्रिंगांना खाऱ्या हवेचा हिरवा गंज. मामाने खोडरबराने घासला, चार सेल घातले, पडद्यावर आकडे उमटले.

त्यातलं एक बटण मला पुन्हा बघायचं होतं: सिंक्रोनस डिटेक्शन. लांबचा सिग्नल आकाशातून एकाच वाटेने येत नाही, दोन-तीन वाटांनी थोडा मागेपुढे पोचतो. त्या लहरी एकमेकींना छाटतात तेव्हा आवाज नुसता बारीक होत नाही, फाटतो. कारण ज्या मूळ लहरीवर तो स्वार असतो तीच क्षणभर विरते. हे बटण दाबलं की सेट ती मूळ लहर स्वतःच्या पोटात तयार करतो. शिवाय सिग्नलची वरची किंवा खालची, हवी ती एकच बाजू ऐकता येते. शेजारचं दांडगं स्टेशन ज्या बाजूने अंगावर येतं ती बाजू सरळ सोडून द्यायची. मामाने दाबून दाखवलं. कुवेतच्या निवेदकाच्या पाठीमागची शिट्टी गेली आणि तो एकटा बोलू लागला.

"मामा, हा मला देतोस?"

"न्यायला देतो. ठेवायला नाही."

चहावर मग जुनी गोष्ट निघाली, ती निघाल्याशिवाय मामाकडची भेट पुरी होत नाही. आजोबा तेव्हा पणजीत नोकरीला. उघडपणे ऐकायचं ते पोर्तुगीज सरकारचं केंद्र 'एमिसोरा द गोवा'. दार लावून, आवाज बारीक करून ऐकायचं ते गोवामुक्तीचं गुप्त केंद्र 'गोंयचे सोडवणेचो आवाज', जे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 25 नोव्हेंबर 1955 पासून सरहद्दीपलीकडच्या रानातून चालवलं. 18 डिसेंबर 1961 च्या सकाळी भारतीय हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं आणि एमिसोरा गप्प झालं. आजोबा म्हणे तरीही त्याच जागी काटा ठेवून बसले होते. आज बांबोळीला आपण इस्पितळासाठी जातो आणि पठाराकडे बघतही नाही.

मामाचा सेट आठवड्यासाठी पिशवीत घालून आणला.

नरकचतुर्दशीची आदली रात्र

बाहेर नरकासुरांच्या मिरवणुका, चौकाचौकांत डीजे. तो गोंगाट खिडकी लावली की निम्म्यावर येतो. रेडिओतला येत नाही.

फोंड्यातला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. हॉलमध्ये सेट लावला तर 49 मीटरवर नुसता घर्रर्र. मग एकेकाला पकडायला निघालो. मोबाईलचा चार्जर काढला, थोडं कमी. इन्व्हर्टर बंद केला, आणखी थोडं. बाल्कनीतल्या दिव्यांच्या माळेजवळ सेट नेला तर चक्क ठेका ऐकू आला: माळ ज्या लयीत लुकलुकत होती त्याच लयीत टर्र, टर्र, टर्र. स्वस्त एलईडीच्या आत विजेची झपाट्याने उघडझाप करणारं जे सर्किट असतं, त्यात गाळणी घालायचे चार पैसे वाचवलेले असतात, आणि मग माळेची वायरच अँटेनाचं काम करते. शेवटी मेन स्विच पाडला. (देवापुढची समई सोडून घरात अंधार. घरच्यांचे शब्द इथे लिहीत नाही.) घर्रघर निम्मी झाली. उरलेली शेजारपाजारची, त्यांचे मेन स्विच मला पाडता येणार नाहीत.

म्हणजे एवढा नावाजलेला सेटही या हॉलमध्ये हात टेकतो. इथे जास्त 'खेचणारा' रेडिओ आणला तर तो माळच जास्त खेचेल.

पाडव्यानंतरचा दिवस

सावईवेऱ्याला, आमच्या जुन्या घरी. कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, घराच्या खालच्या अंगाला, पाटाच्या कडेने. विजेची तार घरापाशी संपते. दहा मीटर साधी वायर घेतली, एक टोक पोफळीला सुतळीने बांधून मधे प्लास्टिकचा तुकडा ठेवला, दुसरं टोक क्लिपने सेटच्या दांडीला. पूर्वेला सह्याद्रीवर ढग दिसत होते, तेव्हा गडगड ऐकू येताच वायर सोडायची हे आधीच ठरवून टाकलं. परतीच्या पावसाची वीज भरवशाची नसते.

साडेपाचला 25 मीटर भरात होता, 49 वर शुकशुकाट. उजेड असेपर्यंत वातावरणात खूप वर असलेल्या आयनोस्फिअरचा सगळ्यांत खालचा थर, ज्याला डी थर म्हणतात, तो कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. सूर्य गेला की तो थर विरतो आणि त्या लहरी वरच्या एफ थरापर्यंत पोचून परत जमिनीकडे वळतात. पुस्तकातलं हे वाक्य मला पाठ आहे, पण सात वाजता 49 मीटर आपल्या कानांदेखत उघडतो तेव्हा मजा येते. आधी एक कुजबुज, मग आकड्यामागून आकडा भरत जातो.

नंतर 6676 किलोहर्ट्झवर गेलो, एसएसबी (सिंगल साइडबँड, सिग्नलची एकच बाजू पाठवायची पद्धत) लावून. विमानांसाठी हवामान सांगणारं 'व्होल्मेट' तिथे असतं. एकेक शहर पाच-पाच मिनिटं, ओळीने. मुंबईची पाळी तासाच्या 25 आणि 55 व्या मिनिटाला. साध्या सेटवर हे बोलणं बदकाच्या क्वॅकक्वॅकसारखं येतं, कारण एसएसबीत मूळ लहर पाठवतच नाहीत, ती आपल्या सेटने घालायची असते. बारीक बटण जरासं फिरवलं आणि बदकाचा माणूस झाला: वाऱ्याची दिशा, वेग, दृश्यमानता, तापमान. 40 मीटरवर हॅम मंडळींच्या, म्हणजे हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांच्या, गप्पाही अशाच सुटल्या. कोणाच्या तरी टॉवरवर माकडं चढली होती. हे ऐकल्यावर एसएसबी नसलेला सेट यादीतून गेलाच.

शुक्रवार

शेवटी तीन नावं उरली.

टेकसनचा पीएल-990 सगळ्यांत भरदार. आवाज छान, बटणं दमदार. पण फोंड्याच्या हॉलमध्ये तो पडून राहील, आणि सावईवेऱ्याला नेताना मी त्याला जपत बसेन. एक्सएचडेटाचा डी-808 स्वस्त आणि कानाचा तिखट. त्यात एअरबँडही आहे, पण विमान आणि टॉवर यांच्यातलं बोलणं आपल्यासाठी नसतं, त्या मोहात पडायचं नाही. सिंक, म्हणजे मामाच्या सेटमधलं सिंक्रोनस डिटेक्शन, मात्र नाही. टेकसनचा पीएल-330 खिशाला जड नाही, एसएसबी आहे, बँडविड्थ (सेट एका वेळी आत घेतो तो पट्टा) अरुंद करता येते. त्याचं सिंक मामाच्या सोनीसारखं घट्ट धरत नाही असं वापरणारे सांगतात, आणि ते मी गृहीत धरलंय. माझ्यासाठी पारडं झुकलं ते बॅटरीने: बीएल-5सी, जुन्या नोकियाची. ती आमच्या कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे आजही टांगलेली असते. बाकी दोघांना लागणाऱ्या 18650 सेलसाठी मला फोंडाभर हिंडावं लागेल.

कोणी विचारलं तर एवढंच सांगेन की 'किती देशांची स्टेशनं लागतात' हा प्रश्न दुकानात विचारू नये. बँडविड्थ किती अरुंद होते, एसएसबीत किती बारीक सरकता येतं, बटण फिरवताना दर पायरीला आवाज तुटतो का (काही डीएसपी, म्हणजे डिजिटल चिपवर चालणाऱ्या, सेटांत तुटतो, आणि बँड चाळायची सगळी गंमत जाते), हे विचारावं. उरलेल्या पैशांत वायर घ्यावी. फार लांब नको. छोट्या सेटला तीस मीटर वायर जोडली की तो गुदमरतो आणि नसलेली स्टेशनं दाखवू लागतो.

ऑर्डर टाकली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभरची वेळापत्रकं बदलतात आणि हिवाळी फ्रिक्वेन्सी सुरू होतात. सेट येईपर्यंत त्या वहीत उतरवायच्या, आंतरराष्ट्रीय वेळेत साडेपाच तास मिळवून. मामाचा सेट उद्या शिरोड्याला पोचता करायचा, नवे सेल घालून. बाल्कनीतली माळ उतरवायचा विषय मी जेवताना हळूच काढला. तुळशीच्या लग्नापर्यंत ती हलणार नाही, असा निकाल लागलाय.