गगनबावड्याला कुत्रं घेऊन जाताना

कोल्हापुरातून कुत्र्याला पहिल्यांदा लांब न्यायचं असेल तर गगनबावड्याचा रस्ता धरावा. ५५ किलोमीटर, निवांत दीड-दोन तास. फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण, असळज असा हा रस्ता बराचसा उसाच्या रानातून जातो आणि खरा घाट गगनबावडा ओलांडल्यावरच उतरतो. त्यामुळं कुत्र्याला गाडी सोसते का नाही हे घाटाच्या तोंडाशी पोचायच्या आत कळतं. सोसत नसेल तर कळ्यातनं माघारी फिरावं, त्यात कमीपणा काही नाही.

बरेच जण पहिलं नाव दाजीपूरचं काढतात. ते चुकीचं आहे. १९५८ सालापासूनचं गव्यांचं अभयारण्य ते, पाळीव कुत्रं आत नेता येत नाही. कुत्र्याच्या अंगावरनं डिस्टेंपरसारखे रोग जंगलातल्या जनावरांत जातात, आणि गव्याचा वास लागला की एरवी शहाणं असलेलं कुत्रंही पट्टा तोडायला बघतं. राधानगरीहून फोंडा घाटाकडं जाणारा रस्ता जंगलाला लागूनच आहे. तिथनं जाताना कुत्रं गाडीतच राहू दे. पन्हाळ्याच्या गावातनं हिंडवता येईल, पण पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत जनावर न्यायला मनाई आहे. गगनबावड्याजवळच्या गगनगडावर मठ आहे, म्हणून दोघांपैकी एकानं वर जावं, एकानं खाली कुत्र्यापाशी थांबावं.

आता मुख्य अडचण, गाडी लागणं. माणसाला लागते त्याच कारणानं कुत्र्याला लागते: आतला कान सांगतो आपण हलतोय, डोळ्याला समोर सीटची पाठ स्थिर दिसते. पिल्लांना जास्त लागते, वर्षभरात पुष्कळांची कमी होते. उलटी काही अचानक होत नाही. आधी कुत्रं सारखी जांभई देतं, ओठ चाटतं, मग लाळ सुटते, अंग आखडतं. लाळेची तार लोंबायला लागली की पुढच्या दोन-तीन मिनिटांत गाडी कडेला घ्यावी, उतरवून दहा मिनिटं चालवावं. ‘जरा पुढं हॉटेलपाशी थांबू’ असं म्हणणाऱ्यांना मग हॉटेलच्या नळावर सीट धुवावी लागते.

आदल्या रात्रीचं जेवण नेहमीपेक्षा तासभर लवकर आणि थोडं कमी द्यावं. सकाळी निघताना पोट रिकामं, पाणी मात्र दोन-चार घोट. सहाला निघालात तर आठपर्यंत पोचता. तिथं अर्धा तास हिंडवून मग अर्धं जेवण. उरलेलं घरी आल्यावर. तरीही लागत असेल तर पशुवैद्यांकडनं उलटीवरची गोळी वजनाप्रमाणं लिहून घ्यावी आणि प्रवासाआधीच एकदा घरी देऊन बघावी. आपल्या डब्यातली गोळी अर्धी करून देऊ नये. गुंगीचं औषध तर नकोच. गुंगलेल्या कुत्र्याला वळणावर तोल सावरता येत नाही, आणि पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींचा श्वास अडकायची भीती असते.

कुत्र्याची जागा मागच्या सीटवर, मधोमध. डिकीत नको, मागच्या चाकांच्याही मागं झोल सगळ्यात जास्त बसतो. सीटवर रबरी चटई, तिच्यावर जुनी वाकळ. नुसती वाकळ घातली तर ती सरकते आणि तिच्याबरोबर कुत्रंही. पाय ठेवायच्या खड्ड्यात बॅगा भरून सीटच्या पातळीला आणाव्यात. छातीचा पट्टा घालून त्याची दोरी सीटबेल्टच्या खाचेत अडकवायची, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. जोरात ब्रेक लागला तर मानेला झटका बसतो. दोरी एवढीच ठेवायची की कुत्रं बसेल, आडवं होईल, पण पुढच्या दोन सीटच्या मध्ये तोंड घालू शकणार नाही. पुढच्या सीटवर घेऊ नये, एअरबॅग माणसाच्या मापानं फुटते.

काच दोन-तीन बोटं उघडी पुरे. पूर्ण उघडली की डोळ्यात धूळ, चिलटं, आणि घाटातली माकडं समोर आली की उडी. चालवणाऱ्यानं ब्रेक वळणाच्या आधी मारावा, वळणात नाही. सरळ झाल्यावर हळूच वेग द्यावा. कुत्र्याला हँडल धरता येत नाही, हे स्टिअरिंगवर बसून पहिल्यांदा विसरतं. नोव्हेंबर ते मार्चमध्ये उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात. त्यांना घाईनं मागं टाकायच्या नादात जे झटके बसतात, त्यानंच निम्म्या कुत्र्यांना उलटी होते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे: दर किलो वजनाला दिवसाला ५० ते ६० मिली. म्हणजे २५ किलोच्या लॅब्रॅडॉरला सव्वा ते दीड लिटर, तेही घरी पंख्याखाली बसून. हिंडण्याच्या दिवशी दुप्पट धरून तीन लिटर घरचंच न्यावं. ओढ्याचं पाजू नये. पाणी पिताना जळू नाकात शिरते आणि काही दिवसांनी एकाच नाकपुडीतून रक्त, सारख्या शिंका असा प्रकार सुरू होतो. पावसाळ्यात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीनं घाण झालेल्या पाण्यातनं होणाऱ्या तापाचा, धोका वेगळाच. लेप्टोची लस वर्षाच्या आत झालेली आहे का हे निघायच्या महिनाभर आधी बघावं, कारण पहिल्यांदा देताना ती दोनदा टोचावी लागते.

चहाला थांबलात तर एकजण कुत्र्यापाशी. बाहेर ३० अंश असेल तर बंद गाडीत दहा मिनिटांत चाळिशी गाठते, काच थोडी उघडी असली तरी. धापा थांबेनात, हिरड्या लालभडक झाल्या, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर तो उष्माघात. सावलीत नेऊन साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहायचं, वारा घालायचा आणि त्याच गाडीतून एसी लावून डॉक्टरांकडं.

हॉटेलात आपला तांबडा-पांढरा येतो आणि कुणीतरी प्रेमानं एक नळी खाली टाकतं. टाकू देऊ नये. शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिपा निघतात, आतड्यात रुततात. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. घरचा भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन डब्यात न्यावं.

कधी जायचं? जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावड्यात जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस पडतो, धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, आणि पूर आला की हा रस्ता पाण्याखाली जाऊन बंद पडतो. कुत्र्याच्या दृष्टीनं नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी बरं. खाली कोकणात उतरायचं असेल तर करूळ आणि भुईबावडा, दोन्ही घाट चालू आहेत का हे निघायच्या दिवशी विचारावं. करूळ घाट २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी महिनोन्महिने बंद होता. भुईबावडा अरुंद आहे, गाडी लागणाऱ्या कुत्र्याला तो नको.

मुक्काम करणार असाल तर रात्री कुत्रं अंगणात बांधू नये. बिबट्याला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट. शेवटचं फिरणं अंधार पडायच्या आत उरकावं. दिवसाही पट्टा सोडू नये. गवतात फुरसं, घोणस असतात आणि कुत्रं नाकानं शोधतं, म्हणून दंश बहुतेक तोंडाला किंवा पुढच्या पायाला होतो. झालाच तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चालवायचंही नाही. गळ्यातला पट्टा काढायचा, कारण सूज मानेपर्यंत येते. उचलून गाडीत घालायचं आणि आधी फोन करून सापाच्या विषावरची लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं. म्हणून तो नंबर घरूनच काढून ठेवलेला बरा.

घरी आल्यावर अर्धा तास कुत्र्याच्या अंगावरनं हात फिरवण्यात जातो, आणि तो टाळला तर सगळी सहल अंगाशी येते. गोचीड कानाच्या घडीत, बगलेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरायचं आणि पिळ न देता सरळ, सावकाश ओढायचं. रॉकेल, काडेपेटी, तेल काही नको; गोचीड चिडून आपल्या पोटातली घाण जखमेतच ओकते. गोचिडावरची गोळी किंवा मानेवरचं औषध सहलीच्या आधीच सुरू केलेलं असावं. तरीही पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवावं: ताप, खाणं सुटणं, पांढुरक्या हिरड्या, कॉफीच्या रंगाची लघवी यांतलं काही दिसलं तर गोचीडतापासाठी रक्त तपासायचं.

दुसरं म्हणजे कुसळ. पावसाळा सरल्यावर डोंगरावरचं गवत वाळतं आणि त्याचं टोकदार बी केसांत अडकतं. त्याला मागं वळलेली बारीक लव असते, त्यामुळं ते फक्त पुढंच सरकतं: कातडीत, कानात, बोटांच्या मध्ये. कुत्रं एकच पंजा सारखं चाटत असेल, नाहीतर डोकं एका बाजूला कलतं करून झटकत असेल, तर कुसळच समजायचं. केसांत वर दिसणारं हातानं निघतं. कानात गेलेलं मात्र कापसाच्या काडीनं काढायला जाऊ नये, ते पडद्यापर्यंत ढकललं जातं. त्याच दिवशी दवाखाना. गाडीतली वाकळही बाहेर, अंगणात झटकावी. पाच-सहा कुसळं त्यात निघतातच.