तुम्ही विचारलंत म्हणून: उधारीची यादी परक्याच्या मशीनवर का?

चिपळूणच्या बाजारपेठेत आमची घाऊक बांधकाम साहित्याची कंपनी आहे, हिशेब मी बघते. लग्नात भेटा, बँकेत भेटा, व्यापारी मंडळींचा सवाल ठरलेला: "ताई, सगळा डेटा क्लाउडवर? परक्याच्या हाती?" क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायची दुसऱ्या कंपनीची मशीनं. एकदाच नीट सांगते.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी बाजारात शिरली. सर्व्हर, म्हणजे हिशेबाचा मुख्य संगणक, तळमजल्यावर होता. बॅकअप, म्हणजे डेटाची जादा प्रत, रोज हार्ड डिस्कवर व्हायचा, पण ती डिस्क त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात. पाणी ओसरल्यावर कपाट पहारीने उघडावं लागलं. डिस्कच्या खाचेतला गाळ मी काडीने कोरून काढत होते. पुण्याच्या रिकव्हरीवाल्याने हात टेकले.

मग जीएसटी पोर्टल उघडलं. नोंदणीकृत गिऱ्हाइकांची जूनपर्यंतची बिलं तिथे नंबर-तारखेसकट शाबूत! आमच्या खोलीत नव्हतं ते परक्याच्या मशीनवर होतं. पण कुणाकडून किती येणं, हे पोर्टलला ठाऊक नसतं. जुलैची बिलं तर पोर्टलवर भरलेलीच नव्हती. ज्यांची दुकानं चिखलात बुडालेली, त्यांच्याच दारात त्यांच्या वहीतल्या आमच्या खात्याचा उतारा मागायला जावं लागलं. काहींनी आपणहून आकडा सांगितला. काही म्हणाले, "आमच्याही वह्या गेल्या." खरंच गेल्या होत्या.

क्लाउडवर नुकसान होत नाही, असं मी कुठे म्हणते? त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर, म्हणजे तिच्या मशीनांची इमारत, जळालं. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांचा डेटा कायमचा गेला. म्हणून आता क्लाउडवर आमची एक प्रत मुंबईत, दुसरी हैदराबादला. फोल्डर नुसतं सिंक केलं, म्हणजे दोन्हीकडे आपोआप सारखं राहील असं जोडलं, की बॅकअप झाला, असं समजू नका. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. जुन्या आवृत्त्या राखून ठेवाव्या लागतात आणि अधूनमधून बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून ताळेबंद जुळतो का, ते बघावं लागतं. कंपन्यांच्या हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा, असा 2022 पासून नियमही आहे.

पुरापूर्वी मीही तुमच्याच बाजूने भांडले असते, आणि ते सगळंच चुकीचं नव्हतं. पावसात नेट गेलं की आजही बिलं हाताने फाडतो. महिन्याचं भाडं सुटत नाही, क्लाउडची कंपनी बदलायची तर डेटा हलवायचा खटाटोप वेगळा. आमचे काका विचारतात, "मंदीत भाडं थकलं तर?" त्यांच्यासाठी एक डिस्क आता वरच्या मजल्यावर ठेवते. काकांचं तेवढ्याने समाधान होत नाही, माझंही नाही.