ख्रिस्ती कीर्तनात तुकोबांचा अभंग घ्यायचा तर

ख्रिस्ती कीर्तन फसतं ते बहुतेक वेळा पूर्वरंगातच, म्हणजे पहिल्या, निरूपणाच्या भागात. गळा चांगला असतो, पेटी-तबल्याची साथ नीट असते, आख्यान, म्हणजे उत्तररंगातली गोष्ट, तोंडपाठ असतं. पण पहिल्या अर्ध्या तासात कीर्तनकार तुकोबांचा एखादा अभंग काढतो, दोन ओळी म्हणतो आणि ‘तुकोबासुद्धा नकळत प्रभू येशूलाच शोधत होते’ असं सांगून मोकळा होतो. अमळनेर, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात समोर बसलेल्या कित्येकांना तो अभंग पुढं पाठ असतो. इथं गावोगाव सप्ताह बसतात, काल्याच्या कीर्तनाला अख्खं गाव लोटतं. असा श्रोता तुमचा अर्धवट अभंग मनातल्या मनात पुरा करतो, आणि पुढचं निरूपण त्याच्या गळी उतरत नाही.

‘नकळत शोधत होते’ ही भाषा आपल्याकडं आली कुठून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनरी विचारात परिपूर्तीचा सिद्धान्त चांगलाच रुजला होता. हिंदू धर्मातलं जे उत्तम, ते ख्रिस्तात पूर्ण होतं, असं त्याचं सार. फर्क्युहर या मिशनरी अभ्यासकानं तो १९१३ साली ग्रंथरूपानं मांडला. त्याआधीच्या खंडनमंडनाच्या तुलनेत तो सौम्य होता हे खरंच. पण त्यात समोरच्याला काय हवं होतं हे आपणच ठरवून टाकतो. नारायण वामन टिळकांनी वेगळं सांगितलं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं म्हटलं, म्हणजे स्वतःचा रस्ता सांगितला. तुकोबा कुठं निघाले होते याचा निवाडा त्यात नाही. कीर्तनकारानं एवढा फरक सांभाळला तरी अर्धं काम होतं.

बाकी आपला हा प्रकार काही कालचा नाही. ख्रिस्तचरित्र ओवीत बांधण्याचा खटाटोप थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रींनी गोव्यात १६१६ सालीच केला, आणि एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. खानदेशात जळगाव-भुसावळकडं आणि नवापूर-चिंचपाड्याकडं वेगवेगळ्या मिशनांनी काम केलं, त्यामुळं मंडळ्यांच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, सवयीही वेगळ्या पडल्या. त्याचा हिशेब पुढं येईलच.

आधी वेळेची वाटणी. नव्वद मिनिटांचं कीर्तन धरा. नमन पाच-सात मिनिटं, मूळपद (ज्या पदावर कीर्तन उभं राहतं ते) आणि निरूपण तीस, मध्ये भजन आठ-दहा, आख्यान पस्तीस, आणि उरलेल्यात मूळपदावर परत येऊन प्रार्थना. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावाच लागतो, म्हणून साडेआठच्या पुढं सुरू होणारं कीर्तन हे आख्यान कापलेलं कीर्तन समजायचं. मूळपद आपलं असावं, टिळकांचं किंवा आपण रचलेलं. तुकोबा प्रमाण म्हणून, म्हणजे आधाराचा दाखला म्हणून, यावेत. त्यांच्या अभंगालाच मूळपद केलं की अख्खं कीर्तन त्याच्या अर्थाशी बांधलं जातं, आणि उत्तररंगात तुम्ही तो अर्थ वाकवायला लागता.

स्वतः रचणार असाल तर अक्षरं मोजा. मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. धाकट्याचे आठ-आठ. आपले शब्द लांब असतात तिथं गाडी अडते. शेवटच्या चार अक्षरांत ‘वधस्तंभ’ बरोबर बसतो, ‘पुनरुत्थान’ पाच अक्षरी, ते तिथं कोंबलं की टाळ चुकतो. मग गाणारा एक अक्षर गिळतो आणि ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही.

आता प्रमाणाचा अभंग. ख्रिस्ती कीर्तनात सगळ्यात जास्त वापरला जाणारा घेऊ: ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले, तोचि साधु ओळखावा, देव तेथेचि जाणावा.’ बहुतेक जण इथं थांबतात आणि थेट मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायावर उडी मारतात: भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. ‘बघा, तेच सांगितलंय!’ नाही, तेच नाही. अभंगात देव ओळखायचा तो रंजल्या-गांजल्याला आपलं म्हणणाऱ्याच्या ठायी, आणि शेवटची ओळ त्याच साधूला भगवंताची मूर्ती म्हणते. मत्तयात न्यायाला बसलेला राजा स्वतः उपाशी माणसाच्या जागी बसलेला आहे, आणि जेवू घालणाऱ्यांना तो तिथं आहे याचा पत्ताही नव्हता. एकीकडं करुणा करणाऱ्यात देव, दुसरीकडं करुणा ज्याच्यावर होते त्याच्यात. दोन्ही ठिकाणी दया आहे म्हणून दोन्ही एकच, असं म्हणणं हा तुकोबांवरही अन्याय आणि मत्तयावरही.

म्हणून क्रम असा ठेवावा. छापील गाथेत पाहून अभंग पूर्ण म्हणावा. मग समोरचा माळकरी मान डोलवेल असा त्याचा अर्थ सांगावा, त्यात येशूचं नावही नको. मग शुभवर्तमान कुठं जवळ येतं ते दाखवावं. आणि शेवटी, एकदाच, एका वाक्यात, ते कुठं वेगळं बोलतं ते सांगून पुढं सरकावं. हे वेगळेपण तीन-तीनदा घोळवलं की खंडन सुरू झालं असं वाटतं. अजिबात सांगितलं नाही, तर मंडळीतलाच एखादा म्हातारा नंतर विचारतो, मग आपण वेगळे कशाला? त्याचा प्रश्न रास्तच असतो.

याच अभंगात पुढं एक ओळ आहे, ती फार थोडे कीर्तनकार वापरतात. मुलावर जी दया करायची तीच दासदासींवर करावी, असं तुकोबा म्हणतात. आता लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला, आपली वाटणी उधळून घरी परतणारा धाकटा मुलगा आठवा. परत येताना त्यानं वाक्य घोकून ठेवलंय, मला आपल्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. बापापुढं मात्र ते वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, बाप आधीच झगा मागवतो. तुकोबांकडं चाकराला मुलाची माया मिळते, लूककडं चाकर व्हायला निघालेला मुलगा मुलगाच राहतो. पूर्वरंगातून आख्यानात उतरायला यापेक्षा चांगली पायरी नाही, आणि ती ओढूनताणून आणलेलीही नाही.

प्रेषित पौलानं अथेनैत (अथेन्समध्ये) हेच केलं, प्रेषितांची कृत्ये अध्याय १७. अनोळखी देवाच्या वेदीपासून बोलायला सुरुवात केली आणि त्यांच्याच कवीची ओळ घेतली. ती ओळ मुळात झूसबद्दलची. पौलानं कवीला ख्रिस्ती ठरवलं नाही. ओळ खरी आहे एवढं म्हणून तो पुढं गेला, आणि पुनरुत्थानाच्या मुद्द्यावर मतभेद लपवलाही नाही. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. जाणत्या श्रोत्यांपुढं इतकंच पदरात पडतं. अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, अद्वैताचा अभ्यास जिथं पिढ्यान्‌पिढ्या झाला त्या गावात ‘सगुण की निर्गुण’ हा प्रश्न चहाच्या टपरीवरही येऊ शकतो.

देहधारणाबद्दल, म्हणजे देव येशूत माणूस झाला याबद्दल, बोलताना एक चूक हमखास होते: ‘प्रभूनं मानवाचं रूप घेतलं.’ वैष्णव संस्कारातल्या कानाला हे एकदम पटतं, आणि तिथंच घोटाळा होतो. गीतेच्या चौथ्या अध्यायातला अवतार युगायुगात पुन्हा होतो, त्यात लीला आहे. त्या चौकटीत वधस्तंभ बसवला की वेदनाही लीलाच ठरते, म्हणजे दुखलं असं नुसतं दाखवलं. हा चुकीचा समज मंडळीइतकाच जुना आहे. ४५१ साली खल्किदोनच्या परिषदेनं खरा देव आणि खरा मनुष्य, दोन स्वभाव, मिसळ नाही आणि फाटाफूटही नाही, असं ठरवलं ते असल्याच ओढाताणीतून. मांडवात परिषदेचं नाव काढायची गरज नाही. ‘रूप घेतलं’ऐवजी ‘माणूस झाला’ म्हणा, विहिरीपाशी दमून बसला, लाजराच्या कबरीपाशी रडला, वधस्तंभावर तहान लागली, हे तीन प्रसंग सांगा, आणि इब्री लोकांस पत्रातलं ‘एकदाच’ लक्षात ठेवा. अवतारकल्पनेवर टीका करायची गरजच उरत नाही.

उधळ्या पुत्राचं हे आख्यान जळगाव-धुळ्यात असेल तर संवाद अहिराणीत येऊ द्या, निरूपण प्रमाण मराठीत. धाकला आंडोर (मुलगा) ‘बा, मना वाटा माले दी टाक’ म्हणाला की जित्या बापाकडं वाटणी मागणं म्हणजे काय, हे वेगळं समजवावं लागत नाही. इथं एक बारकावा सुटतो: लूक म्हणतो बापानं मिळकत दोघांना वाटून दिली. म्हणजे थोरल्यालाही त्याचा हिस्सा मिळाला होता, आणि तरी परतलेल्या भावाला मेजवानी मिळते म्हणून तो आपल्याला न मिळालेल्या साध्या करडासाठी कुरकुरतोय. दुसरी चूक शेवटी होते. गोड शेवटाच्या हौसेनं कीर्तनकार थोरल्याला घरात नेतो, भावाच्या गळ्यात घालतो आणि भैरवी सुरू करतो. लूकमध्ये तो बाहेरच उभा आहे. गोष्ट कुरकुरणाऱ्या परूशी आणि शास्त्री लोकांना सांगितलेली आहे, उत्तर त्यांनी द्यायचं आहे. थोरला आत गेला की मंडळीतले सगळे नेमाने येणारे लोक सुटले.

बुक्का लावू नये. तो पांडुरंगाचा आहे, शोभेची वस्तू नव्हे. हार पुरेसा. कीर्तनाच्या शेवटी ‘प्रभूला स्वीकारायला कोण पुढं येतो’ असा पुकारा करणंही मला गैर वाटतं. गाव पाहुणा म्हणून आलेलं असतं, आणि हल्लीच्या वातावरणात त्याचे परिणाम तिथल्या चार ख्रिस्ती घरांना भोगावे लागतात. ज्याला विचारायचं तो दुसऱ्या दिवशी पाळकांकडं येतो.

नंदुरबार जिल्ह्यात मात्र यातलं बरंचसं गैरलागू ठरतं. मावची, कोकणा, भिल्ल या आदिवासी समाजांतल्या विश्वासणाऱ्यांच्या घरात जुनी आठवण आहे ती याहामोगी देवीची, कणसरी या धान्यदेवीची, विधी करणाऱ्या भगताची. पंढरपूर त्या मानानं लांबचं. माळकरी तिथंही झाले, पण नवापूरच्या मंडळीत तुकोबांचा अभंग इंग्रजी चालीच्या गीताइतकाच बाहेरचा असू शकतो. तळोद्याकडं ‘आरती’ म्हटलं की मोरवडच्या गुलाम महाराजांची १९३८च्या सुमाराची दारूबंदीची आरती चळवळ जुन्या माणसांना आठवते, तेव्हा शेवटच्या प्रार्थनेला आरती म्हणताना हे ठाऊक असावं. कोकणा समाजात थाळावर कथा सांगतात: काशाच्या थाळीत मेणानं काडी उभी चिकटवायची, तिच्यावरून बोटं ओढायची, थाळीचा सूर घुमत राहतो आणि त्यावर कथा चालते. उधळ्या पुत्राची गोष्ट तिथं साकी-दिंडीच्या चालींपेक्षा या सुरावर जास्त टिकेल. फक्त थाळाला भगताच्या विधीचा संदर्भ असतो, म्हणून तो घ्यायचा की नाही हे तिथल्याच मंडळीनं ठरवावं, जळगावहून आलेल्या कीर्तनकारानं नव्हे.

लुस्त्र गावात काय झालं ते कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात आहे. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा तिथं असताना पांगळा बरा झाला, लोक आपल्या लुकवनी बोलीत ओरडले, देव माणसांच्या रूपात उतरलेत. पौल-बर्णबाला काय चाललंय ते कळलंच नाही, पुजारी बैल घेऊन दारात आला तेव्हा समजलं. बोली न समजता उपदेश केला की ऐकणारा काय ऐकतो याचा हा नमुना. म्हणून मावची किंवा कोकणी वस्तीत आख्यान झालं की दुसऱ्या दिवशी तिथल्याच दोघा-तिघांकडून ती गोष्ट त्यांच्या बोलीत परत सांगून घ्यावी, आणि ती बोली येणारा माणूस शेजारी असावा. त्यांच्या सांगण्यात थोरला भाऊ आत गेलेला असेल, किंवा बापानं धाकट्याला आधी चाकरीला ठेवून पारखलेलं असेल, तर ते तुमच्याच आख्यानातून गेलेलं आहे का ते पाहावं, आणि पुढच्या गावात तेवढा भाग नव्यानं बांधावा.