जमैकाचा आकडा आणि आपली गृहभेट

बालविकासाच्या धोरणावर चर्चा सुरू झाली की जमैकाचा आकडा हमखास पुढे येतो. लहानपणी ज्यांच्या घरी खेळ शिकवायला आरोग्यसेविका यायची, ती मुलं बाविसाव्या वर्षी २५ टक्के जास्त कमावत होती. आकडा खरा आहे. पण तो ज्या कामातून आला, ते काम रोज कसं चालायचं हे क्वचितच सांगितलं जातं, आणि योजना नेमक्या तिथेच फसतात.

वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून उंची खुंटलेली १२९ मुलं निवडली. वय ९ ते २४ महिने. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला १ किलो दुधाचा पूरक आहार, दुसऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा तासाभराची गृहभेट, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातलं काही नाही. असं दोन वर्षं चाललं. शेवटी आहार आणि खेळ दोन्हींचा फायदा दिसला, मात्र पुढच्या काही वर्षांत विकासावरचा आहाराचा परिणाम विरला आणि खेळाचा टिकला. (याचा अर्थ आहार नको असा कुणी काढू नये. उपाशी मूल खेळत नाही.) बाविसाव्या वर्षी त्यातले १०५ जण पुन्हा भेटले. त्यांच्या कमाईवरचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

एका गटात जेमतेम बत्तीस मुलं होती. एवढ्याशा नमुन्यावर देशाचं अंदाजपत्रक उभं करणं धाडसाचंच, म्हणून नंतर इतर देशांत झालेल्या चाचण्या मोलाच्या.

माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा धडा त्याहून जुना आहे. पॉवेल आणि ग्रँथम-मॅक्ग्रेगर यांनी भेटी किती दिवसांनी व्हाव्यात हेच तपासलं होतं. त्याचे निष्कर्ष १९८९ मध्ये आले. महिन्यातून एक भेट दिली तर विकासात जवळजवळ काहीच फरक पडला नाही, पंधरवड्याला दिली तर थोडा पडला आणि दर आठवड्याला दिली तर ठळक पडला. कारण साधं आहे. आठवड्याभरात आईला खेळ आठवतो, अडलं तर विचारता येतं, आणि मूल पुढच्या पायरीवर गेलेलं असतं. महिन्याने गेलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

भेटीत काय होतं? सेविका आधी घरची खुशाली विचारते, मग मागच्या आठवड्यातला खेळ आईला करून दाखवायला सांगते. त्यानंतर एखादं बडबडगीत आणि एक नवा खेळ. आधी सेविका करून दाखवते, मग आई करते, सेविका बघते आणि आईचं जे चांगलं झालं ते नाव घेऊन सांगते: ‘बाळाने बोट दाखवलं, तुम्ही लगेच वस्तूचं नाव सांगितलंत, हे छान झालं.’ निघताना नवं खेळणं ठेवायचं, जुनं परत न्यायचं. खेळणी बाजारातली नसतात. झाकण पक्कं बसवलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा खुळखुळा, चिंधीची बाहुली, पुठ्ठ्याचे ठोकळे, हाताने काढलेलं चित्रांचं पुस्तक, दोन तुकड्यांचं चित्रकोडं आणि ते जमलं की चार तुकड्यांचं.

बिघडतं ते बहुतेक वेळा असं: सेविका स्वतःच बाळाशी खेळते आणि आई शेजारी बसून बघत राहते. तास छान जातो, पण उरलेल्या आठवड्यात घरात काहीच बदलत नाही. कधी खेळ वयावरून निवडला जातो, मुलाला आज काय जमतं हे पाहून नाही. मग तो अवघड ठरतो आणि आई म्हणते, ‘याला नाही येत.’ खेळणं खराब होईल म्हणून फळीवर जातं. भेटीचं भाषण होतं. आणि पर्यवेक्षिका नोंदवही तपासते, भेट तपासत नाही. तिने सोबत जाऊन पूर्ण भेट बघितल्याशिवाय यातली एकही चूक कागदावर दिसणार नाही.

कोलंबियात हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं, १४०० हून अधिक मुलांसोबत, दीड वर्ष. आकलनात सुधारणा दिसली, पण दोन वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा ती उरली नव्हती. पेरूने २०१२ मध्ये ‘कुना मास’ ही राष्ट्रीय योजनाच सुरू केली, तिथेही परिणाम जमैकाएवढा मोठा आला नाही. प्रमाण वाढलं की प्रशिक्षण आणि देखरेख पातळ होते, आणि मला हीच या क्षेत्रातली खरी अडचण वाटते.

आपल्याकडची सर्वांत उपयोगी चाचणी ओडिशातली. कटकच्या वस्त्यांत साप्ताहिक गृहभेटींचा फायदा दिसल्यावर पुढे ग्रामीण भागात गृहभेट आणि आयांची गटसभा यांची तुलना झाली. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा आला, गटसभेचा खर्च मात्र बराच कमी.

आता आपल्या योजना बघा. बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं झालं की आशाताई घरी जाते. आहार, लसीकरण, आजारपण यांसाठी ते ठीक आहे. पण त्याच पाच भेटींवर ‘बाळाशी खेळा’ हे कामही टाकलं, तर १९८९ च्या निष्कर्षांनुसार फार अपेक्षा ठेवता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या ‘नवचेतना’ आराखड्यात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी महिनावार खेळ दिले आहेत, ते चांगलेही आहेत. पण ते दर आठवड्याला आईपर्यंत पोहोचवायचे कुणी?

समजा, एका अंगणवाडीत तीन वर्षांखालची वीस मुलं आहेत. प्रत्येक घरी आठवड्याला एक तास म्हणजे वीस तास, शिवाय चालण्याचा वेळ. सकाळची शाळा, पोषण आहार आणि मोबाईलवरच्या नोंदी सांभाळून सेविकाताईंना ते जमणार नाही. वयानुसार पाच-पाच आयांचे चार गट केले तर चार तासांत भागतं. ज्या आईला येता येत नाही, तिच्या घरी मात्र जावंच लागेल, आणि बहुधा तिच्याच बाळाला त्या तासाची सर्वांत जास्त गरज असते. म्हणून आठवड्यातले आणखी दोन तास तेवढ्यासाठी राखून ठेवावेत.