कायोटी लॉग: उणे १८ अंश, वायव्येचा वारा आणि सरकणारा झिरो

कायोटीच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या कोल्ह्याच्या जातकुळीतल्या जनावराच्या शिकारीची ही नोंद. ठिकाण अमेरिकेतलं पूर्व वायोमिंग, थंडर बेसिन नॅशनल ग्रासलँडला लागून असलेली खासगी कुरणं, मालकाच्या परवानगीनं. पारा उणे १८ सेल्सियस, म्हणजे इथल्या भाषेत शून्य फॅरनहाइट. वारा वायव्येकडून ताशी १५ मैल, त्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी उणे २८ च्या घरात. जमिनीवर चार बोटं जुना बर्फ, वर कडक पापुद्रा.

रायफल .२२३ रेमिंग्टन, बोल्ट-ॲक्शन (हातानं बोल्ट मागे-पुढे करून भरायची), गोल रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला भाग). ५५ ग्रेन वजनाची पॉलिमर टोकाची गोळी, २०० यार्डांवर झिरो (म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी). या मांडणीत गोळी १०० यार्डांवर साधारण दीड इंच वर आणि ३०० वर सहा-साडेसहा इंच खाली लागते. स्कोप ३-९×४०, एक इंची नळी, पाव एमओएचे क्लिक (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच). स्कोप दोन रिंगांत धरलेला, रिंगांखाली रिसीव्हरवर स्क्रूंनी बसवलेला ॲल्युमिनियमचा सलग बेस.

कायद्याचं आधी, कारण नवीन मंडळी हमखास इथेच अडकतात. वायोमिंगमध्ये कायोटी ‘प्रिडेटरी ॲनिमल’ या वर्गात मोडतो आणि त्याच्या शिकारीला परवाना लागत नाही. पण एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्याला संघीय कायद्यानं बंदूक हातातसुद्धा धरता येत नाही. त्यातली नेहमी उपयोगी पडणारी सवलत म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना जवळ असणं. म्हणून कायोटीसाठी गरज नसली तरी स्मॉल गेमचा (लहान प्राण्यांच्या शिकारीचा) परवाना काढून खिशात ठेवायचा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. आणि दिसायला आपल्या माळावरच्या कोल्ह्यासारखा असला तरी हा उद्योग तिकडे करायचा नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो सरळ गुन्हा आहे.

सकाळच्या बैठका

जानेवारीत सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो. गाडी टेकाडाआड, तिथून चारेकशे यार्ड पायी. पापुद्रा पावलागणिक वाजतो, म्हणून गुरांनी तुडवलेल्या वाटेनं जावं. गाडीचं दार लोटून लावायचं, आपटायचं नाही.

वारा गालावर आडवा घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक कॉलर (जनावरांचे आवाज वाजवणारं यंत्र) वाऱ्याच्या वरच्या अंगाला ४०-५० यार्डांवर ठेवला की वास घ्यायला वळसा मारणारा कायोटी आपल्या पुढ्यातून जातो. पाठीमागून वारा वाहत असेल तर ती जागा सोडलेली बरी, कारण जनावर दिसायच्या आत त्याला आपण कळलेलो असतो. सुरुवात कॉटनटेल सशाच्या किंकाळीनं, आवाज कमी, कारण जवळच्या झुडपात एखादा झोपलेला असू शकतो. पाच मिनिटांनी आवाज वाढवायचा. पंधरा-वीस मिनिटांत काही हललं नाही तर उठायचं. एवढ्या वाऱ्यात आवाज फार लांब पोचत नाही, म्हणून पुढची जागा एक किलोमीटरवर घेतली तरी चालते. वारा नसेल तेव्हा दीड-दोन किलोमीटर सोडावे लागतात.

जानेवारीच्या शेवटापासून आवाजांची यादी बदलायची. हा त्यांचा माजाचा काळ, भर फेब्रुवारीत. तोपर्यंत सशाच्या किंकाळीला ती जनावरं विटलेली असतात आणि भुकेपेक्षा हद्दीचा राग जास्त असतो. एकट्या मादीची हाळी, जोडीचा आवाज आणि शेवटी पिल्लाची किंकाळी, असा क्रम बरा चालतो. कातडं हवं असेल तर मात्र डिसेंबर-जानेवारीच. फेब्रुवारीत खांद्या-पुठ्ठ्यावरचे केस घासून झडायला लागतात.

तोंडानं फुंकायच्या कॉलमध्ये धातूची बंद रीड (आवाज काढणारी पातळ पट्टी) असेल तर थुंकी गोठून ती चिकटते आणि ऐन वेळी नुसती हवा येते. असा कॉल कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा, किंवा टाळूला लावायचा डायफ्रॅम वापरावा. कॉलरमध्ये अल्कलाइन सेल घालू नयेत. लिथियम एए उणे ४० पर्यंत काम देतात.

याच भागात स्विफ्ट फॉक्स आहे आणि तो संरक्षित आहे. वजन दोन-तीन किलो, शेपटीचं टोक काळं. शेपटीच्या टोकावर जाऊ नका, कायोटीचंही काळंच असतं. आकार बघा. कायोटी नऊ ते सोळा किलोचा.

चुकलेला नेम आणि आकडेमोड

उशिराच्या बैठकीत ११० यार्डांवर आडवा उभा कायोटी, रायफल काठ्यांवर टेकलेली. गोळी पाठीवरून गेली आणि बर्फाचा फवारा जवळजवळ अर्धा फूट उजवीकडे उडाला. इथे टरेटला (स्कोपवरच्या नेम हलवायच्या चकतीला) हात लावायच्या आधी थोडं गणित करावं.

वारा डावीकडून ताशी १५ मैल. ही गोळी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात १०० यार्डांवर इंचभर सरकते, म्हणजे इथे दीड-पावणेदोन इंच. सहा इंच होत नाहीत. थंडीनं दारूचा वेग घटतो, बॉल पावडरचा (गोल कणांच्या दारूचा) जास्तच. पण त्यानं गोळी खाली जाते, वर नाही, बाजूलाही नाही. शिवाय शंभर यार्डांवर तो फरक मोजण्याइतकाही नसतो, २०० वर फार तर इंचभर. घट्ट झालेल्या हवेचा तर इथे प्रश्नच नाही. उणे १८ ला हवेची घनता वाढते, पण १,४०० मीटर उंचीवर दाब मुळात समुद्रसपाटीच्या ८५ टक्के असतो, त्यामुळे दोन्हींची बऱ्यापैकी फिटंफाट होते. थोडक्यात, वर आणि उजवीकडे एकदमच गेलेली गोळी थंडीच्या खात्यावर टाकता येत नाही. काहीतरी हलतंय.

दुपारी कागदी निशाणावर चाचणी. १०० यार्ड, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, दोन गोळ्यांच्या मध्ये बंदुकीची नळी गार होऊ देऊन पाच गोळ्या. तीन एका जागी, दोन चार इंच दूर तिरप्या, आणि प्रत्येक झुबका इंचाच्या आत. कागदावरची सगळ्यात बोलकी खूण हीच. पाचही गोळ्या विखुरल्या असत्या तर संशय काडतुसावर, नळीवर किंवा नेम धरणाऱ्यावर गेला असता. दोन घट्ट झुबके म्हणजे कुठलातरी भाग दोन ठिकाणी बसतोय: बेस, रिंग, दस्त्याचे ॲक्शन स्क्रू (रिसीव्हर दस्त्याला धरणारे), नाहीतर स्कोपच्या आतली इरेक्टर नळी (टरेट फिरवल्यावर हलते ती).

यानंतर त्या दिवशी शिकार बंद. झिरोची खात्री नसताना जनावरावर गोळी टाकणं म्हणजे जखमी करून सोडणं. शिवाय इथे टरेट फिरवून ग्रुपच्या (गोळ्यांच्या झुबक्याच्या) मागे धावणं हा काडतुसं संपवायचा सगळ्यात महागडा मार्ग आहे.

बाकावर: खालून वर

क्रम ठरलेला ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर.

पहिले ॲक्शन स्क्रू. किती घट्ट ते दस्त्यावर अवलंबून, लाकडी असेल तर ४० इंच-पाउंडच्या (आवळण्याच्या जोराचं माप) आसपास, ॲल्युमिनियम बेडिंगवर (दस्त्यात बसवलेल्या धातूच्या आधारावर) ६५ पर्यंत. इथे बरोबर निघाले. बंदुकीची नळी आणि दस्त्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहिली, शेवटपर्यंत मोकळी.

मग रिंगा. टोप्या १८ इंच-पाउंडवर, दोन्ही बाजूंची फट सारखी. स्कोपच्या नळीवर आधी मारलेली रंगाची खूण जागच्या जागी. म्हणजे स्कोप रिंगांमध्ये सरकलेला नाही. ही खूण प्रत्येकानं मारून ठेवावी. नेलपॉलिशचा एक ठिपका बास.

बेस. चारही स्क्रू ड्रायव्हरला घट्ट लागत होते आणि तरीही पुढचं टोक अंगठ्यानं दाबल्यावर केसभर हलत होतं. याचं कारण जवळजवळ एकच असतं. गोल रिसीव्हरचं सगळ्यात पुढचं भोक नळीच्या आट्यांच्या बरोबर वर येतं. तिथला स्क्रू एखादा आटा लांब असला तर तो नळीवर टेकतो, ड्रायव्हर ‘घट्ट’ सांगतो आणि बेस मात्र दाबला जात नाही. मागचे स्क्रू धरून ठेवतात म्हणून उन्हाळ्यात चालून जातं. थंडीत ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं, उरलेली पकडही ढिली पडते.

तपासायची रीत: बाकीचे तीन काढा, फक्त पुढचा एक आवळा. बेस तरीही हलला तर तोच गुन्हेगार. त्याच्या मागच्या भोकातला स्क्रू लांब असेल तर तो बोल्टच्या लगला (बोल्ट अडकवणाऱ्या दातांना) घासतो; बोल्ट सरकवताना लगेच कळतं. बेसबरोबर येणारे स्क्रू दोन लांबींचे असतात, जागा बदलली की हाच घोळ.

उपाय फाइलचा. स्क्रू ६-४८ चा, म्हणजे एक आटा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. आधी त्यावर नट चढवायचा, मग टोकाकडून एक आटा घासायचा आणि नट उलटा काढायचा, म्हणजे बिघडलेले आटे सरळ होतात. पुन्हा लावून बघायचं. एकदम दोन-तीन आटे कापू नका, त्या भोकात पकडायला मुळात आटे थोडेच असतात. इथे एका आट्यानं काम झालं.

बसवताना भोकं आणि स्क्रू ॲसिटोननं तेलमुक्त. बेसच्या स्क्रूंना निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक), एकेक थेंब, २० इंच-पाउंड. उबेत २४ तास ठेवायचं. गार गॅरेजमध्ये ते नीट धरत नाही. रिंगांच्या टोप्यांना थ्रेडलॉकर लावू नये. ओलं असताना ते वंगणाचं काम करतं, आवळण्याच्या त्याच जोराला जास्त दाब पडतो आणि स्कोपची नळी चेपते. रिंग बेसच्या खाचेत पुढच्या कडेला टेकवूनच आवळायची, कारण धक्क्यात रायफल मागे जाते आणि स्कोप जागीच राहू पाहतो. टोप्या आवळण्याआधी शिकारीचा जाड कोट अंगात घालून डोळ्याचं अंतर लावा. कोटामुळे दस्ता इंचभर पुढे जातो आणि चित्राभोवती काळं कडं येतं.

उरलेली कुरबुर: टरेट

बेस बसल्यावर पाचही गोळ्या एका झुबक्यात. पण थंडीत चार क्लिक वर दिले की पहिली गोळी जागीच आणि दुसरी एकदम इंचभर वर. इरेक्टर नळी टरेटच्या टोकावर स्प्रिंगनं दाबलेली असते. आतलं ग्रीस थंडीत घट्ट झालं की ती अडकून बसते आणि धक्क्यानं सुटते. साध्या स्कोपमध्ये हे सर्रास आढळतं. तोडगा म्हणजे हव्या जागेच्या दहा क्लिक पुढे जाऊन परत यायचं, टरेटच्या टोपीवर ड्रायव्हरच्या मुठीनं दोन टिचक्या, आणि एक गोळी खर्ची घालूनच पुढची मोजायची. एकदा झिरो बसला की शिकारीत टरेट फिरवायचा नाही, रेटिकलवरूनच (स्कोपमधल्या नेमाच्या रेघांवरूनच) अंदाज घ्यायचा.

काचेवरच्या धुक्याची तक्रार वेगळी. गार रायफल गरम गाडीत घेतली की बाहेरून दव धरतं. ती डिकीतच राहू द्यावी. डोळ्याकडच्या भिंगावर श्वास गेला तर क्षणात बर्फ, म्हणून नाकानं श्वास खालच्या बाजूला सोडायचा. आतून धुकं दिसलं तर सील गेलं, नायट्रोजन निघून गेला. तो स्कोप घरी उघडू नये, दुरुस्तीला पाठवावा.

बोल्टमधलं तेलही याच बैठकीत काढलं. फायरिंग पिनवरचं तेल घट्ट झालं की प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाच्या पेटणाऱ्या टोपीवर) उथळ ठसा पडतो, गोळी सुटत नाही. पूर्ण धुऊन कोरडं, वर ग्रॅफाइटची चिमूट.

पुढची कामं: रायफल रात्रभर बिनतापत्या गॅरेजमध्ये कुलपात ठेवून उंच कागदाची चाचणी. १०० यार्डांवर ओळंब्यानं आखलेली उभी रेघ, तळाशी एक ग्रुप, मग २० एमओए वर. दुसरा ग्रुप २०.९ इंच वर आणि रेघेवरच यायला हवा. इंचाहून जास्त फरक निघाला, किंवा परत शून्यावर आणल्यावर पहिल्या भोकांत गोळी गेली नाही, तर हा स्कोप .२२ रिमफायरवर जाईल.