डिपस्टिकचा कंटाळा

पेट्रोलला काटा असतो, वेगाला काटा असतो, दार नीट लागलं नाही तर त्यालाही दिवा असतो. इंजिन ऑइलच्या वाट्याला आली ती डिपस्टिक नावाची एक लांब पट्टी, तीही बॉनेट उघडून, हातात फडकं घेऊन उपसायची. डॅशबोर्डवर किटलीचं चित्र असलेला लाल दिवा आहे खरा, पण बहुतेक गाड्यांत तो ऑइलचा दाब सांगतो, पातळी नाही. पंपाला ओढायला ऑइलच उरलं नाही की तो पेटतो, आणि तोवर बेअरिंगांचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय हे घरातलं शेंबडं पोरही सांगतं. त्याच घरासमोर उभ्या असलेल्या सेकंड हँड गाडीत ऑइल किती आहे, हे मात्र थेट पुढच्या सर्व्हिसिंगला कळतं.

मग गॅरेजात संवाद ठरलेला. ‘गाडी ऑइल खाते का हो?’ ‘जुन्या गाडीला एवढं लागतंच बघा, साहेब.’ एवढं म्हणजे किती, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. दुसऱ्या गॅरेजात तोच प्रश्न विचारला की उत्तर येतं, ‘हाफ इंजिन करावं लागतंय,’ म्हणजे इंजिन उघडून आतलं काम. या दोन उत्तरांच्या मधे मोजमाप नावाची एक गोष्ट आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

गाडी सपाट जागी लावायची, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये, इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरतं. पट्टी काढून पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची आणि मग वाचायची. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे. पुण्याच्या दोन फेऱ्या झाल्या की हजार किलोमीटर होतातच. मग त्याच जागी, तशाच तऱ्हेने पट्टी बघायची आणि पुन्हा त्याच खुणेला येईपर्यंत किती मिलिलिटर लागलं ते मोजायचं. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक लहान गाड्यांत पाऊण ते एक लिटरचं असतं, त्यामुळे नुसत्या पट्टीवरूनही अंदाज येतो. हजार किलोमीटरला दोनशे मिलिलिटरच्या आत असेल तर जुन्या गाडीकडून आणखी कसली अपेक्षा धरता? तीनशे ते पाचशे असेल तर कारण शोधावं. लिटरभर जात असेल तर इंजिन काहीतरी ओरडून सांगतंय. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला एक लिटरसुद्धा चालतं असं छापलेलं असतं. एवढं मोठं मन कंपनी वॉरंटीच्या काळात दाखवते, यात नवल नाही.

वरच्या खुणेच्या वर ऑइल भरणं हाही एक रोगच. पातळी फार वर गेली की तळाशी फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि तो ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या वाटेत, जाऊन जळतो. ‘थोडं जास्त राहू द्या’ म्हणणाऱ्याला हात जोडावेत.

आधी बघायचं ते गळतं का. इथली धूळ याबाबतीत मदतच करते. ऑइलने ओलं झालेल्या जागी काळ्या मातीचा जाड थर बसतो आणि गळतीचा नकाशाच तयार होतो. टॅपेट कव्हरची कड, फिल्टरचं बूड, ड्रेन बोल्टचा वॉशर, चेंबरचा सांधा, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून ठिबकत असेल तर मागचं क्रँक सील. थर पुसून घ्यावा, पन्नासेक किलोमीटर चालवावं, पुन्हा बघावं. रात्री खाली पुठ्ठा टाकला तर सकाळी थेंब कुठून पडला तेही कळतं.

गळत नसेल तर जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल हे सगळ्यांना माहीत असतं, पण धूर कधी निघतो याला जास्त महत्त्व. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एक निळा झोत आणि मग स्वच्छ, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरची रबरी टोपी: रात्रभर थेंब थेंब ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरलेलं असतं. चढावर दाबून चालवताना सतत धूर, तर रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या. तुळजापूरचा घाट ही यासाठी आयती प्रयोगशाळा आहे. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय अॅक्सिलरेटरवरून काढावा, इनटेकमध्ये निर्वात वाढतो आणि झिजलेल्या सीलमधून किंवा गाइडमधून (दांडा सरकतो ती नळी) ऑइल ओढलं जातं. खाली आल्यावर अॅक्सिलरेटर दिला की मागच्या गाडीला निळा ढग दिसतो. फक्त त्या मागच्या गाडीत बसून बघणारा माणूस हवा. आणि धूर दिसत नाही म्हणजे ऑइल जळत नाही, असंही नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर गिळतो, आणि गिळता गिळता ऑइलमधल्या फॉस्फरसने स्वतः निकामी होत जातो.

यानंतर लगेच इंजिन उघडायचं नाही. सगळ्यात स्वस्त आरोपी आधी: पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधली (क्रँकच्या पोकळीतली) वाफ इनटेकमध्ये सोडणारी झडप. काहीशे रुपयांचा भाग, पण तो चोंदला की क्रँककेसमधला दाब वाढून ऑइल सीलांतून बाहेर येतं, आणि उघडा अडकला की ऑइलची वाफ सतत इनटेकमध्ये ओढली जाते. साधा व्हॉल्व्ह काढून हलवला तर खुळखुळायला हवा. आयडलिंगवर ऑइलचं झाकण उघडून तोंडावर कागद धरावा. निरोगी पेट्रोल इंजिन तो हलकासा ओढतं. कागद उडून धुराचे लोट येत असतील तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच: रिंगांना न जुमानता जळका वायू खाली उतरतोय.

खात्री कॉम्प्रेशन टेस्टने, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून सिलिंडरचा दाब मोजून, करावी. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय मिळायला हवा, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत फार फरक नको. ज्यात कमी आला त्यात चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा, कारण ओतलेल्या ऑइलने फट भरली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. मात्र कॉम्प्रेशन उत्तम असूनही गाडी ऑइल खाऊ शकते. ते काम तिसऱ्या रिंगचं, म्हणजे ऑइल रिंगचं. तिची भोकं कार्बनने बुजली की वरच्या दोन रिंगा दाब धरतात आणि ऑइल मात्र भिंतीवरच राहून जळतं. लांबवलेले ऑइलबदल आणि पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या यांची ही देणगी.

अशा अडकलेल्या रिंगसाठी आधी भिजवण्याचा उपाय करावा. पिस्टन मधल्या उंचीवर आणून प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारं द्रव्य ओतायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी उरलेलं ओढून काढायचं. प्लग न लावता, भोकांवर फडकं टाकून इंजिन फिरवायचं. हा क्रम चुकला आणि आत द्रव्य असताना प्लग लावून सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग ऑइल आणि फिल्टर बदलायचा. फरक पडतोच असं नाही, पण पडला तर मोठा खर्च वाचतो.

व्हॉल्व्ह सीलसाठीही हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवायलाच हवं असं नाही. प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवता येतात. स्प्रिंग दाबून लॉक काढायचे, जुनं सील उपटून नवं बसवायचं. सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाला सोळा सील. कंटाळवाणं, पण एका दिवसाचं काम. हेड उतरवल्याशिवाय होतच नाही म्हणणाऱ्याला कारण विचारावं. गाइड झिजलेत असं सांगितलं तर त्याचं म्हणणं रास्त आहे.

रिंगा बदलायच्याच असतील तर एकच हट्ट धरावा: बोअर गेजने मोजल्याशिवाय रिंगांची ऑर्डर द्यायची नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, अंडाकृती झाला असेल तर नव्या रिंगा त्याला धरत नाहीत, आणि थोड्याच महिन्यांत गाडी पुन्हा खायला लागते. मग लेथवाल्याकडून बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकण्यावाचून मार्ग नाही. बोअर ठीक असेल तरी होनिंग करून तिरक्या रेघा पाडून घ्याव्यात, गुळगुळीत भिंतीवर रिंगा बसत नाहीत. हे सगळं झिजलं कशाने, तेही बघावं. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटलेली किंवा नळी फाटलेली सापडली, तर एप्रिल-मेमधली रस्त्यावरची धूळ थेट सिलिंडरमध्ये घासत होती.

टर्बो डिझेलमध्ये टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची नळी उघडून बघावी. आत ऑइलचा ओलावा चालतो, तळं नाही. टर्बोच्या सीलमधून ऑइल भरपूर आलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही. वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून, क्लच सोडून इंजिन बंद पाडणं एवढंच चालकाच्या हातात राहतं.

इंजिन न उघडता नुसतं ऑइल पाजत राहणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. हजाराला तीनशे मिलिलिटर, वर्षाला दहा हजार किलोमीटर, म्हणजे तीन लिटर. इंजिनकामाच्या बिलापुढे हा खर्च किरकोळ आहे. डिकीत त्याच ग्रेडचा, म्हणजे त्याच जाडीच्या ऑइलचा, डबा ठेवावा. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० बरोबर ५डब्ल्यू-३० चालतं असं लिहिलं असेल तर जाड घ्यावं, पण पुस्तिकेबाहेर जाऊन २०डब्ल्यू-५० ओतू नये. विकायच्या आधी धूर लपवायला दलाल हेच करतो, म्हणून जुनी गाडी बघायला जाताना इंजिन थंड असताना जावं. ती आधीच सुरू करून गरम ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावं.

शिवाय अधूनमधून नवं ऑइल पडतंच आहे, मग बदलायचं कशाला, असा एक हिशेब बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. वरून भरलेल्या ऑइलने खालची काजळी नाहीशी होत नाही, आणि फिल्टर तर तोच असतो. बदलाची मुदत जैसे थे ठेवावी. ऑइल खाणाऱ्या इंजिनाला ती थोडी अलीकडेच आणलेली बरी.