तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्टर कोणता?

नोव्हेंबर आला आणि मी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे फोटो टाकले की कुणी ना कुणी विचारतंच, ताई फिल्टर कोणता लावता, आमच्या फोनमध्ये असा पिवळा का येत नाही? परवा वहिनीनेही विचारलं, म्हणून आता एकदाच नीट लिहिते.

फिल्टर काहीच नाहीये. कॅमेरा याशिका मॅट १२४ जी, दोन लेन्सचा, वरून खाली वाकून काचेत बघायचा, १९७० ते १९८६ या काळात बनायचा. १२० ची फिल्म, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. फिल्म बहुतेक वेळा कोडॅकची रंगीत पोर्ट्रा ४००. आणि उजेड मी झाडावर मोजत नाही, माझ्या तळहातावर मोजते. पिवळा तिथून येतो.

पहिल्या वर्षी मला यातलं काही माहीत नव्हतं. कॅमेऱ्यात उजेड मोजायचा मीटर आहे, सुई जुळवायची आणि बटण दाबायचं, एवढंच केलं, आणि अख्खा रोल असा आला की पानांचा रंग फोडणीत हळद करपल्यासारखा. खूप वाईट वाटलं, कारण त्या सकाळी झाडं डोळ्यांनी बघितलेली होती ना. मग कोल्हापूरला मामाला फोन केला. मामाने तीस वर्षं लग्नाचे फोटो काढले ते ह्याच मॉडेलवर. तो म्हणाला, "ती सुई सोड की गं. वऱ्हाडातली पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांची मंडळी उभी केली आणि मीटरचं ऐकलं तर सगळे सदरे मळके यायचे. आम्ही तळहातावर मीटर धरायचो आणि एक स्टॉप उघडायचो." एक स्टॉप उघडायचा म्हणजे फिल्मवर दुप्पट उजेड घ्यायचा.

कारण मीटरला रंग कळतच नाही, समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो चालतो. पिवळं पान चांगलंच उजळ असतं, आणि झाडच्या झाड पिवळं म्हटल्यावर त्याला वाटतं उजेड फार आहे, मग तो कमी करायला सांगतो. तळहात करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ, आणि आपला हात काही ऋतू बदलला म्हणून बदलत नाही, म्हणून त्यावर मोजून एक स्टॉप उघडला की पान कुठल्याही रंगाचं असो, हिशोब बरोबर येतो. माझ्या कॅमेऱ्यात आणखी एक भानगड होती, त्याचा मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा, त्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत, आणि साधी १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली की सुईला उजेड आहे त्याहून जास्त दिसतो. म्हणजे करपायला दोन-दोन कारणं. आता फोनमधलं मीटरचं अ‍ॅप तळहातावर धरते, कॅमेऱ्यातली सुई बघतही नाही.

दुसरं, मी आभाळ आलेलं असतानाच जाते. उन्हात पानं चमकतात पण सावल्या निळ्या आणि कडक पडतात. ढग असले, त्यात रात्री पाऊस झालेला असला, की एल्मची खोडं भिजून काळी दिसतात आणि त्यावर पिवळा नुसता उठून येतो. पार्कमध्ये द मॉल नावाचा रुंद सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी अमेरिकन एल्म, वर फांद्या एकमेकींत शिरून मांडव झालेला. एल्म म्हणजे आपल्या वावळाच्या कुळातलं झाड. डच एल्म रोगाने ही झाडं अमेरिकेत गावोगावची गेली, इथे एवढी एकत्र अजून उभी आहेत याचं मला प्रत्येक वेळी बरं वाटतं. आणि तो पिवळा रंग पानात वसंतापासूनच असतो बरं का, हिरव्याखाली दडलेला, हिरवं विरलं की दिसायला लागतो. लालचं तसं नाही, तो बहुतेक झाडांत शेवटी-शेवटी नव्याने बनतो.

पण मला सगळ्यात जास्त ओढ गिंकोची. पंख्यासारखी पानं, आणि ती एल्मसारखी आठवडाभर गळत बसत नाहीत, सगळ्या देठांची तयारी एकदमच झालेली असते, पहिली कडक थंडी पडली की एका सकाळी जवळजवळ सगळं झाड रिकामं. मला ती सकाळ एकदाच मिळालीय. जर्सी सिटीहून पहाटेची पाथ ट्रेन पकडून गेले होते, वारा अजिबात नव्हता आणि तरी पानं पडतच होती, पडताना टपटप असा बारीक आवाज येत होता. झाडाखाली दोन चिनी आज्या हातमोजे घालून गिंकोच्या बिया प्लॅस्टिकच्या पिशवीत भरत होत्या, त्या फळांना उलटीसारखा वास येतो पण आतली बी भाजून खातात. मी वाकून काचेत बघत होते, काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे आजी सरकली एकीकडे की मी कॅमेरा वळवायची भलतीकडे, आणि रोलमध्ये तीनच फोटो उरलेले. एक सेकंदाच्या तिसाव्या भागाला काढला, पानांच्या नुसत्या पिवळ्या रेघा आल्या. एक पाचशेव्या भागाला, त्यात पानं हवेत थांबलेली आहेत आणि आजीच्या टोपीवर एक पान बसलेलं आहे, तिला माहीत नाही. तिसरा काढायच्या आत आजींनी मान वर केली, मी हसले, त्या पण हसल्या, आणि पिशवी जरा उंच धरून दाखवली. तो बारावा.

यंदा गिंको अजून हिरवेच आहेत. मी रोज रात्री झोपताना दुसऱ्या दिवशीचं तापमान बघते, आणि बॅग दाराशी भरून ठेवलीय.